मामांच्या घरचं बाळंतपण

बाळंतपणातलं आमच्या हिच्या मामांइतकं कळणारा पुरुष साऱ्या बारामती तालुक्यात मिळायचा नाही, आणि मिळालाच तर तो डॉक्टर असेल. मामा डॉक्टर नाहीत. सांगवीला त्यांचं पाऊण एकर रान आहे, त्यात ते दोडका, दुधी, वांगी असलं माळवं करतात आणि पाटी घेऊन बारामतीच्या बाजारात येतात. मामी गेल्या तेव्हा त्यांची एकुलती लेक सोनाली बारा वर्षांची होती. तिच्या वेण्या घालण्यापासून तिला इंदापूरला देईपर्यंत सगळं या माणसाने एकट्याने केलं. त्यामुळे तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा बाकीच्यांना आनंद झाला आणि मामा एकदम कामाला लागले. पहिलं बाळंतपण माहेरचं, हा आपल्याकडचा रिवाज. पण त्या माहेरात बाईमाणूस नव्हतं. ओटीभरणाला इंदापूरच्या विहीणबाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "तुमच्याकडं करनार कोन, आण्णा?" मामा म्हणाले, "मी हाय की." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मामांना त्या का हसल्या ते कळलं नाही. त्यांनी अडचण विचारली आणि आपण उत्तर दिलं, एवढंच त्यांच्या लेखी घडलं होतं.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या घराला मामांनी सुखाने बसू दिलं नाही. गावातल्या एका म्हाताऱ्या सुईणीकडे ते रोज वही घेऊन जाऊन बसत. शेक किती द्यायचा, धुरीत ओवा किती, टाळू कशी भरायची, बाळंतिणीला पहिले पाच दिवस खायला काय घालायचं, सगळं लिहून घेत आणि बाजाराला आले की आमच्या ओट्यावर बसून हिच्याकडून तपासून घेत. आम्हाला दोन मुलगे आहेत. पण मामांच्या एकेका प्रश्नाला हिला उत्तर देता येईना. शेवटी ही म्हणाली, "मामा, तुमच्याएवढं कळलं असतं तर मी दुसरं होऊच दिलं नसतं." मामांनी तेही वहीत लिहून घेतलं की काय, अशी मला शंका आहे.

लाडवांचं वेगळंच. डिंक, खारीक, साजूक तूप, सगळंच महाग. सरावासाठी घाणा करणं परवडणार नव्हतं. म्हणून मामा एका वेळी एकच लाडू करत. तो फडक्यात बांधून आणत, आम्ही नवराबायकोने अर्धा अर्धा खायचा आणि निकाल द्यायचा. पहिल्या लाडवाचा डिंक जळला होता. दुसरा मला वरवंट्याने फोडावा लागला. तिसरा इतका चांगला झाला की ही कौतुक करता करता गप्पच झाली. मामींच्या हातची चव आली होती, असं तिने मागाहून सांगितलं. त्या दिवसांत मामांनी स्वतः चहातली साखर सोडली, दुधाचा रतीब लावायचा म्हणून चहातलं दूध सोडलं, मग चहाच सोडला. सभोवार उसाचं रान आणि त्यात हा माणूस साखर वाचवतोय, यावर मी विनोद करत असे. आता ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालायचा सराव ते दुधी भोपळ्यावर करत. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. दारात पाटावर पाय पसरून बसायचे, रानातला एक भरदार दुधी पायांवर घ्यायचा, तेल लावायचं, पाणी कोपराने बघायचं आणि हलक्या हाताने ओतायचं. येणारे-जाणारे थांबून बघत, मामा मान वर करत नसत. एके दिवशी तेलाचा दुधी हातातून निसटून फरशीवर फुटला. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. दुधी मात्र भाजीसाठी आमच्याकडे पाठवून दिला. बाळाला वाकळ शिवायला त्यांनी ट्रंकेतली मामींची लुगडी काढली. चौदा वर्षं त्या ट्रंकेला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता. कात्री लावायला मला बोलावलं आणि स्वतः रानात निघून गेले.

आणि मग ज्या मोटरसायकलवर ते बाजाराला येत, ती त्यांनी विकली. आम्हालासुद्धा सांगितलं नाही. सव्वा महिन्याचा खर्च, बाळंतविडा, दवाखाना, कुठूनतरी उभं करायला हवंच होतं. बाजाराला ते टेंपोने येऊ लागले, विचारलं तर म्हणत, "गाडीनं कंबर दुखती." गाडी बारामतीतल्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात दिली होती. तिच्या मागच्या बाजूला, आपल्याकडचे सगळेच बाप घालतात तसं, मोठ्या अक्षरांत लेकीचं नाव होतं. ते खोडून घ्यावं हे त्यांना सुचलं नाही, किंवा सुचलं असेल आणि जमलं नसेल.

सोनालीला आणायला जायच्या आठ दिवस आधी मामा आमच्या ओट्यावर बसले असताना तिचा फोन आला. मामांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन नेहमी सगळ्यांना ऐकू जाईल असाच असतो.

"आण्णा, आपली गाडी कुठं हाय?"

"हाय की. दारात."

"मगाशी माझ्या दारावरनं गेली. मागं माझं नाव. कोनतरी वैरन घेऊन चाललं हुतं."

मामांनी जरा विचार केला. "आसंल दुसरी कुठली सोनाली."

"नंबर वाचला मी, आण्णा."

मामांनी "जेवली का?" असं विचारलं आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी जावयाचा फोन आला. डॉक्टर प्रवास नको म्हणतात, तेव्हा बाळंतपण इंदापूरलाच करू, तुम्ही काळजी करू नका. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. सोनालीनेच सासूच्या पाया पडून हे ठरवलं होतं आणि आमच्या हिला शपथ घालून सांगितलं होतं. मामांनी एकही प्रश्न विचारला नाही. वहीत सगळं लिहून घेणारा माणूस, पण डॉक्टर नेमकं काय म्हणाले एवढं त्याने विचारलं नाही. "डॉक्टरचं आयकाय पायजे," म्हणाले आणि वांग्याची पाटी उचलून बाजाराला गेले.

मुलगी झाली. सगळं नीट झालं. बारशाला मी मामांबरोबर एसटीने गेलो. लाडू, वाकळ, झबली-टोपडी, सगळा बाळंतविडा त्यांनी मांडला आणि विहीणबाईंनी मनापासून वाखाणला. विहीणबाई बाळाला अंघोळ घालत असताना मामा दारात उभे होते. "पानी वाईच कडक वाटतंय," ते म्हणाले. बायका पुन्हा हसल्या. विहीणबाईंनी कोपर बुडवून पाहिलं आणि थंड पाणी मागवलं. सोनाली बाजेवर बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

परतीच्या गाडीत मामा खिडकीशी बसले. मी उगाच काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "मामा, दुसऱ्या वेळी आपल्याकडे आणू तिला."

"दुसरं न्हाय म्हनती. येकच बास, न्हाय परवडत." मला वाटलं, विषय संपला. पण ते हळूच म्हणाले, "पोरगी शानी निघाली, जावईबापू. बापाला लई जपती. जरा कमी जपलं आसतं तरी चाललं आसतं."

कंडक्टर आला. मी पाकीट काढलं, तर मामांनी माझा हात धरून ठेवला आणि बारामतीची दोन तिकिटं स्वतः काढली.