कहूच्या सालीचं दूध

तीस वर्षं एसटी चालवली मी, पण स्टिअरिंगवर कधी डोळा लागू दिला नाही. म्हणून असेल, रिटायर झाल्यावर एका हिवाळ्यात जागेपणीच जे तरंगणं सुरू झालं, ते मला फार गोड लागलं. खोटं कशाला बोलू?

त्याआधी दोन वर्षांपासून माझं हृदय जरा ढिलं पडलं होतं. चढ आला की दम लागायचा, संध्याकाळी पायावर सूज यायची. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी जन्मभराच्या गोळ्या लावून दिल्या होत्या, त्या मी कुरकुरत का होईना, रोज घेत होतो. पण माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, गोळ्यांवर काडीचा भरवसा नव्हता. महागावजवळच्या आमच्या गावात ती चार घरं सोडून राहते. भाऊजी तिच्यासमोर अंगणात छातीवर हात धरून बसले ते उठलेच नाहीत. नवरा गेला, आता भावाला जाऊ द्यायचं नाही, असं तिनं मला तोंडावर सांगितलं होतं.

आमच्या नाल्याच्या काठी कहूचं एक जुनं झाड आहे. पुस्तकात त्याला अर्जुनसादडा म्हणतात. पांढुरकं, गुळगुळीत खोड, हात फिरवला तर थंडगार. अक्का आदल्या संध्याकाळी त्याला आवतण द्यायची. बुडाशी चिमूटभर तांदूळ ठेवून, उद्या साल न्यायला येते, भावासाठी पाहिजे, असं सांगून यायची. सकाळी उगवतीकडची तेवढीच साल काढायची. मग ती दुधात-पाण्यात टाकून, पाणी आटेस्तोवर उकळून माझ्यासाठी गिलास भरून आणायची. तुरट असायचं बाप्पा, जीभ आखडून जाई. तरी दसऱ्यापासून घेतलं आणि खरंच मोकळं वाटायला लागलं. नाल्यापर्यंत न थांबता जायला लागलो.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी शहाणा. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलतो, तिथं एका गाड्यावर हृदयाच्या कॅप्सूल विकायला होत्या. डब्यावर हिरवी पानं, शुद्ध वनस्पती, अपाय नाही. आत नेमकं काय, ते कुठंच लिहिलं नव्हतं. मी घेतल्या. एकानं इतकं बरं वाटते, तर दोन्हींनी किती वाटेल, हा माझा हिशोब.

आणि मग ते दिवस आले. कपाशी फुटली होती. मी दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसायचो आणि शेत हळूहळू जागचं सुटायचं. पांढरी बोंडं जमिनीपासून वीतभर वर तरंगायची. वेचणीच्या बायांचं बोलणं पाण्याखालून यावं तसं यायचं. मी उठून उभा राहिलो की सगळं शिवार मंद हलायचं, आणि मला वाटायचं, हृदय बरं होते ते असंच होत असेल. एके दिवशी त्या पांढऱ्यात, दोन ओळींच्या मधून, भाऊजी चालत जाताना दिसले. पाठमोरे, खांद्यावर दुपट्टा, घाई नाही. मला भीती अजिबात वाटली नाही, उलट इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

हे मी अक्काला सांगितलं. तीच चूक झाली. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून गिलास हातात देताना रोज एकच विचारायची, "आज दिसले काय?" कधी दिसायचे, कधी नाही. नाही म्हटलं की तिचा चेहरा पडायचा. मग माझ्याच्यानं नाही म्हणवेना. बायको सांगून राहिली होती की तुमचं लक्षण काही ठीक नाही, चालताना भिंत धरता. मी तिच्यावरच खेकसलो.

महिनाभरानं मी त्याच ओळीत आडवा झालो. वेचणीच्या बायांनी उचलून आणलं, बायकोनं आणि अक्कानं गाडी करून यवतमाळला नेलं. ब्लडप्रेशर पार तळाला गेलं होतं. गोळ्यांशिवाय आणखी काय घेता, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. काही नाही, म्हणालो, आणि मी खोटं बोलत नव्हतो. झाडाची साल काय, वनस्पतीच्या कॅप्सूल काय, हे डॉक्टरला सांगण्याजोगं औषध आहे, असं आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच नव्हतं. बायकोनं पिशवीतून कॅप्सूलचा डबा काढला. आणि खाटेच्या पायथ्याशी अक्का उभी होती, काढ्याचा थर्मास छातीशी धरून.

बाई रागावल्या नाहीत. झाडात गुण आहे, म्हणाल्या, पण तुमच्या गोळ्याही प्रेशर उतरवतात आणि बहुतेक हेही उतरवत होतं. डब्यात काय आहे ते तर देवच जाणे. मी ड्रायव्हर होतो हे त्यांना ठाऊक होतं.

"काका, एका गाडीत दोन ड्रायव्हर बसले आणि दोघांनीही ब्रेकवर पाय ठेवला, तर गाडीचं काय होईल?"

काढा आणि कॅप्सूल बंद, गोळ्या मनानं सोडायच्या नाहीत, आणि पुढं झाडाचं पानही घ्यायचं तर आधी विचारायचं, असं ठरलं. अक्कानं बाहेर जाऊन थर्मास मोरीत ओतला.

घरी आलो. आठवड्याभरात शेत जागेवर बसलं. बोंडं झाडाला, झाडं जमिनीला. मला ते भकास वाटलं, चिडचिड व्हायची. एका सकाळी अक्का आली, गिलासात नुसतं दूध. मी हट्टानं म्हणालो की थोडीशी साल टाकत जा, चिमूटभर, कुणाला कळते? तिनं विचारलं, "कायले?"

"भाऊजी दिसतात ना, अक्का."

तिनं दारातून शेताच्या दिशेला पाहिलं. माझ्यापेक्षा तिला ते किती पाहिजे होतं, हे मला तेव्हा कळलं.

"ते नाही दिसले तं चालते मले," ती म्हणाली. "तू दिसला पाह्यजे."

मी दूध पिऊन टाकलं. त्याला कशाचीच चव नव्हती.