संदर्भ विभागातल्या शेळ्या

यवतमाळच्या आमच्या मोठ्या ग्रंथालयात पुस्तक सोडून सगळं मिळतं. थंड पाणी मिळतं, पंखा मिळतो, दुपारची झोप तर हमखास मिळते. सकाळी दार उघडायच्या आधीच स्पर्धा परीक्षेवाली पोरं रांग लावतात. आत शिरली की खुर्चीवर उशी, टेबलावर बाटली, शेजारी हेल्मेट आणि घरून आणलेलं एकच जाडजूड गाईड. कपाटांकडे पाठ करून बसतात. कपाटात काय आहे ते पोरांना ठाऊक नाही आणि कर्मचाऱ्यांनाही नाही, त्यामुळे कुणाचं कुणावाचून अडत नाही.

शाखा आहेत म्हणे दोन. एकीत फक्त पेपर येतात, आणि त्यातलं शब्दकोडं कुणीतरी आधीच चुकीचं सोडवून ठेवलेलं असतं. दुसरी पुस्तकांच्या मोजणीसाठी बंद आहे. मोजणी कधी संपणार ते विचारू नये, विचारणाऱ्यालाच वेड्यात काढतात.

मी एसटीत कंडक्टर आहे, राळेगावच्या गाडीवर. दोन फेऱ्यांच्या मधे वेळ मिळाला की डेपोतल्या कुचाळक्या ऐकण्यापेक्षा मी तिथे जाते. शिव्या देत जाते, पण जाते. तांड्यावर आमच्या घरात कॅलेंडरपलीकडे छापील कागद नव्हता. कादंबरीत बुडून जेवायचं विसरणं काय असतं, ते मला याच दळभद्री जागेने शिकवलं. हे नाही म्हणायला माझीही जीभ रेटत नाही.

यंदा लेकीचं लग्न ठरलं आणि तिने हट्ट धरला की सासरी निघताना ढावलो म्हणायचा. आम्हा गोर म्हणजे बंजारा लोकांत नवरी एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाणं म्हणते, तो ढावलो. आताच्या पोरी डीजेवर नाचतात आणि गाडीत बसतात. माझी याडी, म्हणजे आई, तांड्यातल्या प्रत्येक नवरीला ढावलो शिकवायची. ती आता नाही. मला चाल येते, पण शब्द दोन ओळींच्या पुढे जात नाहीत. माझ्या लहानपणी एक प्राध्यापक टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या अंगणात येऊन बसत आणि याडीची गाणी भरून नेत. त्याचं पुढे पुस्तक निघालं. आम्हाला अर्थातच कुणी दाखवलं नाही. ते सापडलं तरच लेकीच्या तोंडी तिच्या आजीचे शब्द येणार होते.

ग्रंथालयाच्या संगणकाने सांगितलं, पुस्तक उपलब्ध आहे. संगणकाला बोलायला काय जातं! कपाटात नव्हतं. मुख्य इमारतीतून मला पेपरवाल्या शाखेत पिटाळलं, तिथून परत मुख्य इमारतीत. शेवटी कळलं की ते संदर्भ विभागात कुलपात आहे.

"मंग कुलूप काढा ना भाऊ," मी म्हटलं.

"चाबी सरापाशी हाय. सर मीटिंगमंधी हायत."

पुढच्या आठवड्यात मीटिंग संपली असावी, कारण पुस्तक हातात पडलं. घरी नेता येणार नाही, झेरॉक्स नाही, मोबाईलने फोटोही नाही. बसून लिहून घ्या, म्हणाले. बसायला खुर्ची नव्हती. सगळ्यांवर उशा. मी खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवली आणि उभ्याउभ्या लिहू लागले. रोज भरलेल्या गाडीत उभी राहते, मला त्याचं काय!

पहिलाच ढावलो वाचला आणि चाल आपोआप ओठांवर आली. डोळे भरले. याडीचेच शब्द होते, माहेरच्या विहिरीचे, भावाचे, कडुलिंबाचे. लिहीत गेले. मग एका कडव्यावर हात थांबला. वर गोरबोलीत कडवं, खाली प्राध्यापकांनी मराठीत दिलेलं:

पाहुण्या, एक चहा झाला, दुसरा झाला,
दिवस कलला, तुझी गाडी निघाली,
ऊठ रे बाबा, माझ्या शेळ्या वाट पाहतात.

हा ढावलो नव्हताच! मला लख्ख आठवलं. प्राध्यापक उठायचं नाव घेत नव्हते, तेव्हा याडीने रडका सूर न सोडता त्यांनाच हाकललं होतं. बाकीच्या बाया तोंडात पदर कोंबून हसत होत्या आणि साहेब डोळे मिटून मान डोलवत होते. खाली त्यांनी टीप दिली होती: 'येथे वधू काळापुढील मानवी असहायता व्यक्त करते. शेळ्या हे तिच्या सख्यांचे प्रतीक होय.'

मी एवढ्या मोठ्याने हसले की दोनचार पोरं झोपेतून उठली. कर्मचारी धावत आला.

"मॅडम, इथं हसाचं नाही. काय झालं?"

"तुमच्या संदर्भात खोटं छापलं हाय भाऊ," मी म्हटलं. "शेळ्या म्हंजे शेळ्याच असतात."

"चुकीचं हाय का? मंग अर्ज देऊन टाका. बाद पुस्तकं काढूनच राह्यलो आम्ही, पोरायले टेबलं कमी पडतात. हेबी रद्दीत टाकून देऊ."

मी पुस्तक छातीशी धरलं. बाकीचे ढावलो सगळ्या तांड्यांचे, कुणा ना कुणा म्हातारीला येत असतील. हे कडवं मात्र याडीने स्वतः, तिथल्या तिथे रचलेलं. जगात ते फक्त या पुस्तकात होतं, या बिनडोक माणसांच्या ताब्यात.

"नाही, नाही," मी घाईने म्हटलं. "मलेच समजलं नव्हतं. सख्याच हायत त्या. बरोबर हाय सगळं."

"तरी म्हटलं, छापलेलं चुकीचं कसं असन," तो म्हणाला आणि समाधानाने गेला. असल्या अडाण्याच्या पाया पडावंसं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

वर्गणी मी यंदाही भरली. त्या जागेबद्दलचं माझं मत तसूभरही सुधारलेलं नाही, पण तिला आग लागो असं आता म्हणवत नाही.

वही मी लेकीला दिली. चाल शिकवली, पण त्या कडव्यामागची गंमत सांगितली नाही. लग्नाच्या दिवशी ती माझ्या गळ्यात पडून म्हणू लागली. विहीर झाली, भाऊ झाला, बाया डोळे पुसू लागल्या. मग ती अडखळली आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "आई, ते चहाचं कडवं बी म्हणू का? कसंतरीच वाटते ते."

"म्हण," मी म्हटलं. "बाकीची साऱ्यायची हायत. ते तुह्या आजीचं हाय."