माझ्या पदवीची जाहीर सभा

आमच्या घरात भाजी सोडली तर बाकी प्रत्येक गोष्टीचं पत्रक निघतं. आमच्या वस्तीत, बुवापाड्यात, दोन दिवस पाणी आलं नाही की पत्रक, शाळेत बाकं कमी पडली की पत्रक, विहाराच्या वाचनालयात नवी पुस्तकं आली तरी पत्रक. मी वाचायला शिकले तीच मुळी पत्रकांवर. पप्पा पाळीवरून येताना बगलेत गठ्ठा घेऊन यायचे आणि छपाईतल्या चुका शोधायचं काम माझ्याकडे असायचं. बाराव्या वर्षापासून मजकूरही मीच लिहायला लागले. आई तो मोठ्याने वाचायची आणि विशेषणं खोडायची. ‘जळजळीत’ या शब्दावर तर तिने कायमची बंदी घातली होती. “जळजळ पित्ताने होते,” ती म्हणायची. “सवाल नुसता सवाल असू दे.”

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत गोळ्या पॅक करणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. समोरून पट्टा सरकत असतो, त्यावर गोळ्यांची पाकिटं. ज्यात एखादा कप्पा रिकामा दिसेल ते पाकीट उचलून बाजूला टाकायचं. आमच्या लाइनवर सगळ्या बायका. लाइनचा इन-चार्ज मात्र कायम ऑफिसातून पाठवलेला पुरुष. तो काचेच्या केबिनमध्ये बसायचा आणि बाथरूमला जायचं असलं तरी त्याच्या वहीत वेळ लिहून सही करावी लागायची. गेली सहा वर्षं ती वही फाडायची स्वप्नं मी बघत होते.

आणि एका सोमवारी कॅन्टीनबाहेरच्या बोर्डावर नोटीस लागली. लाइन इन-चार्जची जागा यावेळी लाइनवरच्याच बाईला मिळणार. उमेदवार पदवीधर हवी, किंवा तिच्याकडे पदवीला प्रवेश घेतल्याची पावती हवी. मुदत पुढच्या सोमवारी संध्याकाळपर्यंत.

माझी बारावी झालेली. बारावीनंतर मी मोर्चे काढले, धरणं धरली आणि कॉलेज राहून गेलं. नोटीस वाचून मला उदास वाटायला हवं होतं. पण झालं उलटंच. छातीत काहीतरी उड्या मारायला लागलं. दुपारभर मी पट्ट्यासमोर उभी राहून गालातल्या गालात हसत होते आणि त्या भरात तीन धडधाकट पाकिटं मी बाद केली. शेजारी उभ्या असलेल्या ताईने ती उचलून परत पट्ट्यावर ठेवली. ही ताई बदलापूर गावातली, शेतकऱ्याच्या घरची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी आणि लाइनवर सगळ्यात जुनी.

“काय गो पोरी, लगीन ठरला का काय?”

“पदवी घेणार आहे, ताई.”

“कसली?”

इथेच सगळं अडलं. मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र उल्हासनगरला होतं. वर्ग रविवारी, म्हणजे नोकरी सांभाळून जमण्यासारखे. फॉर्म मी मंगळवारीच आणला. पण त्यात शाखेसाठी चौकट एकच होती आणि माझं मन त्या चौकटीत मावत नव्हतं. मला राज्यशास्त्र हवं होतं, समाजशास्त्र हवं होतं, इतिहास तर हवाच होता. भेटेल तो मात्र बीकॉम म्हणत होता. मामा बीकॉम, शेजारच्या काकू बीकॉम, रिक्षावाला बीकॉम. बीकॉमने काय होतं असं विचारलं की सगळे एकच उत्तर द्यायचे, बीकॉम असलेलं बरं असतं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी खराब खोक्याच्या पाठीवर मजकूर लिहिला. ‘पदवी कोणती? एक जाहीर विचारणा.’ खाली माझी परिस्थिती, तीन पर्याय, आणि सुज्ञ जनतेने मत कळवावं अशी विनंती. निव्वळ मस्करी होती. वीसेक प्रती काढायच्या, नातेवाइकांना आणि लाइनवरच्या बायकांना द्यायच्या, थोडं हसायचं आणि मग ठरवायचं. मजकुराचा फोटो मी उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या आमच्या नेहमीच्या प्रेसवाल्याला पाठवला. हे सिंधी गृहस्थ माझ्या जन्माच्या आधीपासून आमची पत्रकं छापतात. पप्पा त्यांना साईं म्हणतात, म्हणून मीही म्हणते. फोटोखाली मी लिहिलं, “नेहमीसारखं करा, साईं.”

त्यांनी नेहमीसारखंच केलं. म्हणजे हजार प्रती काढल्या. आमच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी असते ती ओळही घातली: ‘विचारविनिमयासाठी रविवारी सकाळी अकरा वाजता विहाराच्या सभागृहात मोठ्या संख्येने उपस्थित राहावे.’ शुक्रवारी पप्पांचे दोन मित्र नेहमीसारखे प्रेसवर गेले, त्यांनी गठ्ठा उचलला आणि शनिवारी सकाळी नेहमीसारखा वाटला. अर्धा बुवापाड्यात, अर्धा एमआयडीसीच्या गेटांवर पहिल्या पाळीला. पत्रक वाटणारा माणूस पत्रक वाचत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

मी साईंना फोन केला. ते म्हणाले, “बेटी, मैंने तो पढ़ा. मला वाटला, तुम्ही लोक हर बात में मीटिंग घेते, तर यामध्ये पण घेत असणार. और सुन, बीकॉम कर.”

दहा वाजता मॅनेजरने बोलावलं. आमच्या गेटवर पत्रक म्हणजे संप, आणि पत्रक वाटणाऱ्या बाईला कोण इन-चार्ज करणार? सहा वर्षांनी आलेली जागा मी माझ्याच मजकुराने घालवली, असं मनाशी म्हणत मी केबिनमध्ये शिरले. साहेबांनी सकाळी गेटवर कागद वाटताना पाहून गाडी मागच्या मागे वळवली होती आणि शेजारच्या कारखान्यात जाऊन लावली होती. आता ते पत्रक त्यांच्या टेबलावर होतं, ‘मोठ्या संख्येने उपस्थित राहावे’ याखाली पेनाने रेघ मारलेली.

“मला वाटलं संप आहे,” ते म्हणाले.

“नाही साहेब. माझं शिक्षण आहे.”

“वाचलं मी. दोनदा.” त्यांनी घाम पुसला. “कुठलीही पदवी चालेल. पण बीकॉम बघा. वरच्या लोकांना पटकन कळते. आणि सोमवारनंतर मी पावती घेणार नाही.”

रविवारी अकराला सभागृह भरलं. मी पाच-दहा माणसं धरून चालले होते, पण सतरंज्या कमी पडल्या. पप्पांनी आतापर्यंत मला एक शब्द विचारला नव्हता. त्यांनी सरळ अध्यक्षांची खुर्ची मांडली, जय भीम घातला आणि निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचं नाव सुचवलं. लाइनवरच्या बायका एका कोपऱ्यात डबे घेऊन बसल्या होत्या. ताई बदलापूरहून आली होती, सोबत काकड्यांची पिशवी.

चर्चा म्हणजे नुसता कल्ला होता. एक काका म्हणाले, बीएस्सी करू दे, विज्ञान हवं. दुसऱ्याने विचारलं, प्रयोग कुठे करणार, मोरीत? कुणी वकिलीचं काढलं, तर एक काकू म्हणाली, “ही आत्ताच इतकी भांडते, तिला लायसन्स कशाला?” मग मागून एक काका उठले. त्यांच्या हातात एक पिवळा पडलेला कागद होता. मी एकोणिसाव्या वर्षी लिहिलेलं पत्रक. त्यांनी ते सावकाश वाचलं. “पदवी म्हणजे व्यवस्थेने गळ्यात बांधलेला पट्टा आहे. बढतीसाठी शिकणारा माणूस शिकत नाही, विकला जातो.” त्यांनी चष्मा काढला. “लेखिकेने खुलासा करावा.”

सभागृह खदखदून हसलं. अध्यक्षबाईंनी मला दोन मिनिटं दिली. मी उभी राहिले, कान तापलेले. मी म्हणाले, हे लिहिणारी मुलगी कधी आठ तास उभी राहिली नव्हती. तिने बाथरूमला जाण्यासाठी कुणाच्या वहीत सही केली नव्हती. मला बढती हवी आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही. वाचणाऱ्या काकांनीच पहिली टाळी वाजवली.

पण ठरावात बीकॉमच आलं. हात भराभर वर गेले. आईचाही गेला, आणि सगळ्यात उंच. नियमाप्रमाणे ज्याच्याबद्दल ठराव असतो त्याला मत नसतं. मी भिंतीला टेकून बसले. लहानपणापासून मला शिकवलं गेलं होतं की बहुमत मान्य करायचं, मग ते कितीही झोंबो. माझी तीन वर्षं जमाखर्चात जाणार होती, ती लोकशाही मार्गाने.

तेवढ्यात ताईने काकडी खाली ठेवली. “मी बाहेरची हाय, बोललेलं चालंल ना?”

“बोला,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“इन-चार्ज झाल्यावर हिला करायचं काय? डूटीचा तक्ता लावायचा. कोणाचा पोर आजारी, कोणाचा दीर मारतो, कोणाला पाळी आलीय, ते बघून लावायचा. भांडणं सोडवायची. साहेबाशी बोलायचं. ह्यात हिशेब कुठं हाय? सगळी माणसंच हायत. माणसांचं कायतरी शिकवत असतील ना?”

“समाजशास्त्र,” मी भिंतीजवळून म्हणाले, जरा जास्तच जोरात.

दोन-चार माना डोलल्या. पण ठराव तर मंजूर झाला होता. ही सगळी पत्रकं काढणाऱ्या आमच्या वस्तीच्या समितीचा नियम असा की फेरविचार मागायचा तर ठरावाच्या बाजूने मत दिलेल्यानेच मागायचा. म्हणजे ताईला तो हक्क नाही आणि मलाही नाही. मग आई पदर सावरत उठली.

“मी बीकॉमला हात वर केला होता,” ती म्हणाली. “मी फेरविचार मागते.”

“कारण?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“बीकॉम म्हणताना तिचं तोंड बघा, आणि आत्ता बघा.”

दुसऱ्यांदा हात वर गेले तेव्हा फक्त मामाचा हात बीकॉमला उरला होता. तोही काकडी खाण्यासाठी त्याने मधेच खाली घेतला.

सोमवारी माझी दुपारची पाळी होती. सकाळी मी शेअर रिक्षाने उल्हासनगरला निघाले तर रिक्षात ताई आधीच बसलेली. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत बारावीची मार्कशीट.

“तुम्ही कुठे?”

“तुझ्याबरोबर. काल एवढं बोलले, मंग वाटलं, आपलं बोलणं आपणच का नाय ऐकायचं?”

“ताई, जागा एकच आहे.”

“माहीत हाय.”

रिक्षा खड्ड्यातून उसळत होती आणि आम्ही दोघी अशा हसत सुटलो की ड्रायव्हरने आरशातून दोनदा पाहिलं. मी समाजशास्त्रात प्रवेश घेतला, तिनेही समाजशास्त्रातच. संध्याकाळी मॅनेजरच्या टेबलावर दोन पावत्या गेल्या.

जागा तिला मिळाली. लाइनवरची तिची वर्षं जास्त, आणि मुलाखतीत ती माझ्यापेक्षा निम्मं बोलली. मला अर्धा दिवस तोंडात कडू चव होती, खोटं कशाला सांगू? दुसऱ्या दिवशी तिने पहिली गोष्ट केली ती म्हणजे बाथरूमची वही मॅनेजरकडे नेऊन दिली. “ही तुमची तुम्ही ठेवा, साहेब, आम्हाला लागत नाय,” एवढंच म्हणाली. फाडली नाही. मी असते तर फाडली असती, वर त्यावर एक पत्रक काढलं असतं, आणि आठवडाभरात नवी वही आली असती. तेव्हापासून कडवटपणा गेला. रविवारी आम्ही वर्गात एका बाकावर बसतो. ती प्रश्न विचारते, मी वाद घालते.

पहिल्या परीक्षेचा पेपर नेमका कामाच्या दिवशी आला. दोघींना सुट्टी हवी होती आणि लाइन बघायला तिसरं कुणी नव्हतं. ती मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, “आमची दोघींची परीक्षा हाय. एक दिवस लाइन तुम्ही बघा.” आणि साहेबांनी खरंच बघितली.

पेपर देऊन बाहेर आलो तर तिच्या फोनवर त्यांचे चार मिस्ड कॉल. तिने फोन लावला, स्पीकरवर टाकला.

“अहो, पट्टा बंद पडलाय,” साहेब म्हणाले. “काय करू?”

“लाल बटन सोडा आणि हिरवं दाबा,” ताई म्हणाली. “आणि बायकांना विचारा ना, साहेब. त्या तिथंच उभ्या हायत.”