मधुभाऊंचं दुसरं स्टूल

मधुभाऊ गेल्याची बातमी मला मिलच्या ऑफिसात फोनवर कळली. त्यांची मुलगी वर्षा हिंदीतच बोलते, तशीच बोलली, "चाचाजी, बाबूजी नहीं रहे." मी "हौ, येतो" एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला. समोर काट्यावर धानाचा ट्रक उभा होता. त्याचं वजन घेतलं, ड्रायव्हरच्या हातात पावती दिली, आणि मग खुर्चीत बसून राहिलो. सकाळी चहा पिता पिता छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं, हे नंतर समजलं. वय बासष्ट. त्याला आता पाच आठवडे झाले. या वयात माणसं जातात, त्याचा धक्का वगैरे मला फारसा बसत नाही. थकवा मात्र आला, तो अजून गेलेला नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट माहीत असलेला माणूस गेला, म्हणजे खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात दवाखान्याच्या मागच्या गल्लीत मधुभाऊंची रक्त-लघवी तपासायची लॅब होती. दोन खोल्या. पुढच्या खोलीत बाकडं आणि मागच्या खोलीत मायक्रोस्कोप, बेसिन, एक टेबल, एक स्टूल. नागपूरला कोर्स करून आलेला हा माणूस गावातल्या निम्म्या लोकांची साखर किती आहे ते तोंडपाठ सांगू शकला असता, पण कधी सांगत नसे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. आमच्या मिलच्या मालकांचं रक्त काढायला येत, तिथून ओळख झाली आणि पुढे खर्ऱ्यावर दोस्ती जमली. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेली ती पुडी आम्ही दोघं मिळून दिवसाला किती खायचो, ते आता आठवलं तरी तोंड कडू होतं.

आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली आणि घरात मूल नव्हतं. नव्वदच्या दशकाचा मधला काळ. तेव्हा आमच्याकडे मूल नाही म्हणजे बाईला न्या, एवढंच लोकांना कळायचं, आणि मी बीएस्सी झालेला असूनही मलाही तेवढंच कळत होतं. सुनंदाच्या तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या, आईने सांगितले ते सोमवार झाले, बैहरकडच्या एका बाबाची मुळी उगाळून झाली. शेवटी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं की आधी नवऱ्याची तपासणी करून आणा. तो कागद मी तीन महिने पाकिटात घेऊन फिरलो. मग एका दुपारी मधुभाऊंना दाखवला. ते हसले नाहीत, मान डोलावली नाही, फक्त किती दिवस थांबून नमुना द्यायचा ते सांगितलं आणि विचारलं, "नाव काय लिहू?"

ही त्यांची पद्धत होती. अशा तपासणीला येणारा पुरुष आपलं नाव सांगत नसे, कारण बाकड्यावर बसलेल्या चार जणांत एखादा तरी मेव्हण्याचा शेजारी निघायचाच. म्हणून मधुभाऊ त्यांना धानाच्या जातींची नावं देत. कोणी गुरमटिया, कोणी सफरी, कोणी लुचई. बाहेर येऊन ते विचारत, "सफरीवाले कोण?" आणि एक माणूस खाली मान घालून उठे. कटंगीहून आलेल्या एका भल्या शेतकऱ्याला वाटलं की इथे धानही तपासून मिळतं, आणि तो पुढच्या वेळी खरंच पिशवीत धान घेऊन आला होता. मी राइस मिलचा सुपरवायझर म्हणून मला त्यांनी सगळ्यात सुगंधी नाव दिलं... चिन्नोर.

चिन्नोरचा रिपोर्ट वाईट होता. संख्या फार कमी, आणि जे होतं त्याची हालचालही मंद. मधुभाऊंनी मला मायक्रोस्कोपात बघायला लावलं. मला काही कळलं नाही, नुसतं राखाडी दिसलं. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. मिलमध्ये कुठे बसतोस? उसना तांदूळ करायच्या टाक्यांजवळ, म्हणजे जिथे धान वाफेवर शिजतं तिथे, दिवसाचे आठ-नऊ तास. खर्रा किती? ते त्यांना माहीत होतं. बिडी? कपडे असे तंग काहून घालतो? मध्ये ताप येऊन गेला का? "हे सगळं बंद कर," ते म्हणाले, "तीन महिने. नवीन तयार व्हाले तेवढा वेळ लागतेच. मग पुन्हा बघू. सुधारंल का नाही, मी सांगू शकत नाही. पण हे तुह्या हातात आहे, बाकीचं नाही." आणि मिलमध्ये कोणाला शंका येऊ नये म्हणून त्यांनी तो रिपोर्ट धानाच्या नमुन्याच्या खाकी पाकिटात घालून मला दिला. "घरी वहिनीले दाखव," म्हणाले. दोस्त म्हणून एवढी काळजी घेतली. तीच चूक झाली.

मी घरी गेलो. आई ओसरीवर बसली होती, सुनंदा तांदूळ निवडत होती. दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, "माझं सगळं बरोबर आहे." एवढं सोपं होतं ते. मी ठरवून गेलो नव्हतो, तोंडातून निघून गेलं. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनाही मी तेच सांगितलं, कागद घरी राहिला म्हणालो, आणि त्यांनी माझ्या शब्दावर तसं लिहून घेतलं. दोन वर्षं. या दोन वर्षांत मी खर्रा सोडला नाही, कारण सोडला असता तर काहून सोडला ते सांगावं लागलं असतं. टाक्यांजवळची जागा बदलली नाही, आणि मधुभाऊंनी पुन्हा तपासणीचं काढलं की पुढच्या महिन्यात म्हणून टाळत राहिलो. नागपूरला सुनंदाची गर्भाच्या नळ्यांची तपासणी झाली. त्या दिवशी परत येताना तुमसरहून कटंगीच्या बसमध्ये ती ओठ चावत खिडकीला डोकं टेकून बसली होती आणि मी तिला शेंगदाणे विचारत होतो. आईच्या तोंडी किरनापूरच्या एका मुलीचं नाव यायला लागलं. आधी सहज, मग जेवताना, मग सुनंदाच्या समोर. मी खाली मान घालून जेवत असे. मधुभाऊ विचारायचे, "वहिनी काय म्हणते?" मी म्हणायचो, "काही नाही, समजदार आहे." ते खूश व्हायचे.

पुढे नागपूरला दुर्बिणीची तपासणी ठरली, पोटाला छिद्र पाडून करतात ती. त्याआधी रक्त तपासून आणायला सांगितलं, म्हणून सुनंदा एकटीच मधुभाऊंच्या लॅबमध्ये गेली. तिच्या फाइलमध्ये डॉक्टरीणबाईंचं लिहिलेलं होतं की पतीची तपासणी सामान्य. मधुभाऊंनी ते वाचलं, तिचं रक्त काढलं, कापूस दाबून धरायला सांगितला, आणि ती घरी पोचायच्या आत लॅबला कुलूप लावून मिलमध्ये आले. काम सोडून ते आधी कधीच आले नव्हते. मला टाक्यांच्या मागे घेऊन गेले.

"चिन्नोर कधी बरा झाला?" त्यांनी विचारलं.

मी टाकीचा व्हॉल्व्ह उगाच घट्ट करायला लागलो.

"डॉक्टरीणबाई तिच्या पोटात दुर्बीण घालून राह्यल्या, दिलीप. आन् तिचं रक्त मी काढलं आज. माह्या हातानं." त्यांचा आवाज चढला नाही, फक्त चष्मा काढून पुसत राहिले. वाफेने तो पुन्हा पुन्हा धूसर होत होता. "मी तिले सांगणार नाही. ते तुह्यं आहे, मले सांगता येत नाही. पण तू सांगितल्याशिवाय माह्या दारात येऊ नको."

नागपूरला निघायला चार दिवस होते. तीन दिवस मी सांगितलं नाही, हेही लिहितो, कारण आता लपवून काय करायचं. चौथ्या दिवशी दुपारी सुनंदा बॅगेत लुगडी भरत होती, तेव्हा खाकी पाकीट तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिने पाकीट उघडलं नाही. "दोन वर्षं?" तिने विचारलं. मी "हौ" म्हणालो. तिने बॅगेतून एकेक लुगडं काढून परत कपाटात ठेवलं, घडी न मोडता. मग म्हणाली, "आईले तुम्हीच सांगा. मी आयकत बसते." आणि ओसरीवर आईच्या शेजारी येऊन बसली. आईला मीच सगळं सांगितलं. किरनापूरचं नाव त्यानंतर आमच्या घरात निघालं नाही.

मी मधुभाऊंकडे गेलो. त्यांनी आत घेतलं. टेबलापाशी एकाऐवजी दोन स्टुलं होती. दुसरं नवीन होतं, सुताराकडून करून घेतलेलं, एक पाय किंचित आखूड. "वहिनी?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं की ती येणार नाही. तिने स्पष्ट म्हटलं होतं, "तुमचं समजलं. पण त्यायनं रिपोर्ट एकट्याच्या हातात काहून देला? मी काय नव्हती?" मधुभाऊंनी ते ऐकून घेतलं. "बरोबर आहे तिचं," म्हणाले. खिशातून खर्ऱ्याची पुडी काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. माझी मागितली, तीही टाकली. त्या दिवसापासून दोघांनी सोडला. मला तीन वेळा मोह झाला, त्यांना किती वेळा झाला ते माहीत नाही. टेबलावर बडीशेपेचा डबा आला, आणि मालकांना सांगून मी धान खरेदीच्या अंगणात जागा मागून घेतली.

तीन महिन्यांनी रिपोर्ट सुधारला. सहा महिन्यांनी आणखी. मी आशेने वेडा झालो होतो, मधुभाऊ मात्र सावध. "सुधारलं म्हणजे झालं असं नाही," ते म्हणायचे. त्यांनी फार पाहिलं होतं. गुरमटियाने दारू सोडली आणि वर्षाच्या आत त्याला मुलगी झाली. सफरीने सगळं सोडलं, ऑपरेशन केलं, काही झालं नाही. आणि लुचईने काहीच सोडलं नाही, त्याला जुळे झाले. "कसा हिशोब लावतो?" असं विचारून ते हात झटकायचे. आमचं सफरीसारखं झालं. एकदा सुनंदाचे बारा दिवस वर गेले... आम्ही एकमेकांशी त्याबद्दल बोललोही नाही, भीतीने. तेराव्या दिवशी ती सकाळी न्हाणीतून बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यानंतर दोन वर्षं डॉक्टरकडे जात राहिलो, आणि एक दिवस जायचं बंद केलं. ती आधीची दोन वर्षं वाया गेली नसती तर काही वेगळं झालं असतं का, हे मी मधुभाऊंना एकदाच विचारलं. ते म्हणाले, "मले माहीत नाही. खरंच माहीत नाही." खोटं सांगून मला मोकळं करता आलं असतं त्यांना. केलं नाही.

तेराव्याला आम्ही दोघं गेलो. सुनंदा अंगणात बायकांत बसली होती. तिथे वर्षा कोणाला तरी सांगत होती की बाबूजी फार जिद्दी होते, आदमी अकेला आया तो रिपोर्ट देते ही नहीं थे, कहते थे जोड़ी से आओ, दोनों बैठो, तब पढूँगा. लोक भांडायचे, शिव्या देऊन जायचे, दुसरीकडे जायचे. "कहते थे, एक बार दोस्ती में गलती हो गई थी. किससे हुई, कभी नहीं बताया."

सुनंदा उठली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "लॅबची चाबी मागा."

किल्ली घेऊन आम्ही गेलो. मायक्रोस्कोपवर फडकं होतं, बडीशेपेचा डबा अर्धा होता. माझं जुनं स्टूल आणि त्याच्या शेजारी दुसरं. वीसेक वर्षांत कोणा कोणाच्या बायका बसून बसून त्याची कड गुळगुळीत झाली होती. सुनंदा त्याच्यावर बसली. आखूड पायामुळे ते जरा डुगडुगलं, तिने टेबल धरलं.

"हे माह्यामुळं आलं ना?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "माह्यामुळं."

तिने मान हलवली, आणि शेजारच्या स्टुलाकडे हात केला. मी बसलो. वाचायला तिथे काहीच नव्हतं. तिने डब्यातून बडीशेप काढून माझ्या तळहातावर ठेवली. वर्षाने लॅबमधलं हवं ते घेऊन जा म्हटलं होतं. आम्ही ते स्टूल घरी आणलं. त्याचा पाय मी अजून दुरुस्त केलेला नाही, सुनंदा करू देत नाही.