वहीबाईंची कोरी वही

वहीबाई आलेल्या माणसाला आधी बसा म्हणत नसत. आधी विचारत, "वही आनलीत?" वही नसेल तर माणूस डॉक्टर असो की पुढारी, उभाच. त्यांचं खरं नाव आमच्यातल्या निम्म्या लोकांना त्यांच्या शेवटच्या आजारपणात इस्पितळाच्या कागदावर कळलं. खाडीकाठच्या शेतकरी घरात वाढलेल्या, शाळेत कारकून म्हणून निवृत्त झालेल्या, आणि लग्नानंतर गोखिवऱ्याच्या ब्लॉकमध्ये राहायला आलेल्या या बाई. संस्थेचे कागद कसे लिहायचे ते विचारायला लोक त्यांच्याकडे येत. उभी नोकरी शुद्ध मराठीत पत्रं लिहिली, पण बोलण्यातला घरचा 'न' काही सुटला नाही. सुटावा असं त्यांना कधी वाटलंही नाही.

मी वालीवच्या एका कारखान्यात सुपरवायझर. आम्हा कामगारांचा रक्तदात्यांचा एक गट होता. त्याची संस्था म्हणून नोंदणी करायची तर झालेल्या सभांचं इतिवृत्त दाखवावं लागेल, असं कुणीतरी सांगितलं. आता सभा म्हणजे आम्ही चहाच्या टपरीवर घेतलेल्या, लिहितो कोण? मी एक दोनशे पानी वही आणि एक पेन घेतलं आणि बाईंकडे जाऊन म्हटलं, "तीन वर्षांच्या सभा एका बैठकीत लिहून टाकू. तुम्ही फक्त भाषा सांगा."

बाईंनी वही नाकाशी नेली. "दुकानाचा वास गेला नाय अजून. आनि तीन वर्षं एकाच पेनाची शाई पुरली तुमाला?"

मी तापट माणूस. म्हटलं, "सगळेच असं करतात, बाई."

"म्हनून तर सगळेच माज्याकडे येतात," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मला पहिल्या पानावर त्या दिवसाचीच तारीख घालावी लागली. नोंदणी चांगली लांबली. पण इतिवृत्त म्हणजे काय ते कळलं. बाईंच्या मते त्यात तीनच गोष्टी हव्यात: कोन होतं, काय ठरलं, कोन करनार. "बाकीची सगळी भाषनं." आणि लिहिलेलं खोडायचं नाही. चुकलं तर खाली लिहायचं की वर चुकलं. सुपरवायझर असून मी पहिल्याच पानावर दोनदा चुकलो, आणि दोन्हीदा तसं लिहिलं.

शिकून उठलो तर म्हणाल्या, "कुठे निघालात?" बाईंचा दस्तूरच होता, की आपलं काम घेऊन आलेल्याने दुसऱ्या कुणाचं तरी एक काम करूनच जायचं. कोपऱ्यात विरारच्या रुग्णसेवा गटाचा एक वॉकर मोडून पडला होता. त्याचा पाय मी बसवून दिला. त्या गटाकडे वॉकर होते, खाटा होत्या, पण रुग्णाच्या घरी पोचवायला गाडी नव्हती. आमच्या एका कामगाराच्या भावाचा टेम्पो रविवारी रिकामा उभा असायचा. बाईंनी तिथल्या तिथे गाठ घालून दिली. तो टेम्पो आजही जातो.

तर वसई-विरारच्या लहान संस्थांचं साहाय्य केंद्र हे असं सुरू झालं. फीत नाही, नारळ नाही. बाईंच्या इमारतीचं पार्किंग आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्या. रविवारी सकाळी अभ्यासिका चालवणारे यायचे, खाडीतलं प्लास्टिक उचलणाऱ्या बायका यायच्या, आंधळ्यांना वाचून दाखवणारे निवृत्त लोक यायचे. कुणाला संस्थेची घटना लिहून हवी, कुणाला माणसं कमी, कुणाच्या दोन पदाधिकाऱ्यांत अबोला. अखेर सोसायटीने फळ्यावर नोटीस लावली: पार्किंगमध्ये सभा घेऊ नयेत, महिनाअखेरपर्यंत बंद कराव्यात. आता छप्पर मिळालं नाही तर केंद्र संपलं, हे आम्हा सगळ्यांना कळून चुकलं.

पापडीत एका ट्रस्टची शिवणशाळा बंद पडून होती. एक लांबलचक कटिंगचं टेबल, वर दोन पंखे, मागे केळीची वाडी. ट्रस्टचे प्रमुख सिल्वेस्टर सर, निवृत्त मुख्याध्यापक. ती जागा एका क्लासवाल्यालाही हवी होती. सर म्हणाले, "आमची द्यायची इच्छा आहे. पण विश्वस्तांना विचारावं लागेल. तुमच्या केंद्राच्या सभांची वही रविवारी घेऊन या."

बाईंचा चेहरा उतरला. अख्ख्या तालुक्याला वह्या लिहायला लावणाऱ्या बाईंच्या केंद्राची वही कोरी होती. एक पान लिहिलेलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

रविवारी दुपारी सरांकडे जायचं, म्हणून मी सकाळीच बाईंच्या घरी पोचलो. खिशात तीन पेनं होती, एक निळं, एक काळं, एक अर्धवट संपलेलं. बाईंनी ती टेबलावर ओळीने लावली. "येवडंच शिकलात होय माज्याकडून?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पापडीला जाऊन त्यांनी सरांसमोर कोरी वही उघडून ठेवली. "सर, लोकांना शिकवत फिरले, स्वतःचं लिवलं नाय. चूक माजी."

सरांनी चष्मा काढला. "मग मी विश्वस्तांना काय दाखवू?"

बाईंनी कोरी वही मिटून जवळ ओढली. मला राहवेना. "सर, आमच्या गटाची वही दाखवू का? बाईंनी आम्हाला केंद्रातली प्रत्येक गोष्ट लिहायला लावली आहे. बाकीच्यांच्या वह्यांतही असेल. आठ दिवस द्या."

सरांनी दिले. मी आठवडाभर फोन करत सुटलो. पुढच्या रविवारी त्या कटिंगच्या टेबलावर वह्याच वह्या झाल्या, कुणाची बांधीव, कुणाची मुलाच्या शाळेतली उरलेली. प्रत्येकीत तारीख होती, केंद्रात कोण होतं, काय ठरलं, कोण करणार. सर दुपारभर वाचत होते. खाडीवाल्या बायकांच्या वहीतली एक ओळ त्यांनी मोठ्याने वाचली: "बाई ओरडल्या. बरोबर ओरडल्या." आणि मुख्याध्यापक असूनही खळखळून हसले. मग बाईंपुढे चावी ठेवत म्हणाले, "विश्वस्तांना या वह्या पुरतील. पण आजची सभा लिहिल्याशिवाय चावी उचलायची नाही."

बाईंनी तिथेच बसून लिहिलं. पहिली ओळ अशी: "आजपर्यंतचं लिहिलेलं नाही. वर चुकलं." इतका अभिमान मला आमच्या गटाच्या नोंदणीच्या दाखल्याचाही वाटला नव्हता.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी शिवणशाळेत उभं राहायला जागा नव्हती. वही माझ्यापुढे आली. कोण होतं, या ओळीत सवयीने मी पहिलं नाव बाईंचंच लिहून बसलो. हात थांबला. खोडायची तर सोय नाही. खाली लिहिलं, "वर चुकलं. बाई नव्हत्या."

काय ठरलं? केंद्र दर रविवारी चालू ठेवायचं. मग विचारलं, कोण करणार? ती नावं लिहायला मला तीन पानं लागली.