सानिकाच्या वहीतलं ‘होम’

मंडळी, सातवीच्या पोरांना मी इंग्रजी शब्दांची स्वतःची वही करायला लावलीय. अट एकच, अर्थ गाईडातून उतरवायचा नाही, आपल्या मनानं लिहायचा.

आज सानिकाची वही तपासत होतो. ‘हाऊस’पुढे तिनं लिहिलं होतं, घर. आणि ‘होम’पुढे, कोपी. म्हणजे ऊसतोडीला गेलेली माणसं फडाजवळ बांधतात ती झोपडी.

मी लाल पेन उघडलंच होतं. विचारलं, “कावून गं? दोन्हीचा अर्थ घरच की.”

“न्हाई सर. घराला कुलूप हाय. मी मावशीकडं ऱ्हाते. आई कोपीत हाय.”

पेनाला टोपण लावलं. इतकी वर्षं हे दोन्ही शब्द मी सारखेच शिकवत आलो.

आता बाकीच्या वह्यांत ‘होम’पुढे काय निघतंय ते बघायचंय. तुमी काय लिहिलं असतं?