वजनकाट्यापाशी सीटबदली

आमचा धंदा अंड्यांचा. शेवगावच्या बाजूला आमची दोन घरं शेजारी शेजारी, मागं पोल्ट्रीची शेड आणि शेडच्या दारात एक पिकअप. कोंबड्या मी बघायच्या आणि गाडी भागीदारानं, असं सुरुवातीलाच ठरलं होतं. भागीदार म्हणजे शाळेत माझ्याच बाकावर बसणारा मित्र. मी शेतकऱ्याच्या घरचा, तो मुसलमानाच्या. एकमेकांना नावानं हाक मारायची सवय कधी गेली ते कळलं नाही. तो मला भागीदार म्हणतो, मी त्याला भागीदार म्हणतो, आणि आमच्या बायका दोघांना मिळून हसतात.

गाडी चालवावी तर त्यानंच. अंड्यांची गाडी चालवणं म्हणजे झोपलेलं लेकरू कडेवर घेऊन जिना उतरण्यासारखं आहे. मी स्टेअरिंग धरलं की मागं ट्रे कुरकुरायला लागतात, कारण मला धीर म्हणून नाही. पुढचा ट्रॅक्टर बाजूला होईना की माझं डोकं सटकतं. तो मात्र मजेत गुणगुणत जातो. खड्डा दिसायच्या आधीच त्याला ठाऊक असतो. नगरच्या दुकानदारांनी ट्रे उघडले की फुटलेलं अंडं शोधून सापडायचं नाही. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय.

तर नगरला जाताना मधे एक फाटा लागतो आणि तिथं पोलिसांचं चेकिंग असतं. चेकिंगला माझी काही ना नाही. उसाच्या ट्रॉल्या मागं दिवा न लावता फिरतात, पोरं एका मोटारसायकलवर चौघं बसतात, त्यांना अडवायलाच पाहिजे. पण त्या फाट्यावर गाडीच्या आधी काचेतून चेहरा बघायचे. भागीदाराची दाढी दिसली की हात आडवा. ताडपत्रीखाली काय आहे, म्हणून विचारायचे. तो सांगायचा, अंडी. मग हवालदार विचारायचा, आणि त्याच्याखाली? भागीदार म्हणायचा, त्याच्याखाली बी अंडीच हायेत साहेब. मग सगळे ट्रे खाली उतरवायचे, रस्त्याच्या कडेला मांडायचे, त्यांचं समाधान झालं की परत चढवायचे. त्यांना कसलं मांस सापडायचं होतं ते सगळ्यांना माहीत होतं, तोंडानं कुणी बोलायचं नाही. उतरवताना चढवताना अंडी फुटायची, वेळ जायचा, आणि नगरमधले ऑम्लेटवाले सकाळी सकाळी दुसऱ्याकडून माल घ्यायचे.

एकदा तो तापानं पडला म्हणून मी गाडी घेऊन गेलो. तोच फाटा, तोच हवालदार, तीच ताडपत्री. माझ्या कपाळावरचं गंध बघून त्यानं हातानंच जा म्हणून खूण केली. मला आधी बरं वाटलं, आणि मग असा संताप आला की परत येताना मी गाडी थांबवून त्याच्याशी भांडलो. त्याचा उपयोग एवढाच झाला की दुसऱ्या दिवशी भागीदाराला दुप्पट वेळ उभं केलं. तेव्हा भागीदारानं मला हात जोडले. म्हणाला, तुझा राग घरीच ठेवत जा, त्याचं बिल माझ्या नावावर निघतंय.

मग मी डोकं चालवलं आणि रोज त्याच्यासोबत गाडीत जायला लागलो. फाट्याच्या अलीकडे एक बंद पडलेला वजनकाटा आहे. पूर्वी तिथं उसाच्या गाड्या तोलायचे, आता नुसती पत्र्याची खोली आणि गवत. तिथं गाडी थांबवायची, तो माझ्या जागेवर, मी त्याच्या जागेवर. फाटा ओलांडला, चहाची टपरी गेली, की पुन्हा सीटबदली. आमची गाडी त्या दिवसापासून एकदाही अडली नाही. मी घरी येऊन बायकोला ऐटीत सांगितलं, बघ, बिनभांडणाचं काम कसं करायचं असतं ते.

ही सीटबदली काही वर्षं चालली. मला यायला जमलं नाही तर त्या दिवशी गाडी दारातच उभी राहायची, कारण एकट्यानं जायला तो तयार नसायचा. पुढं पुढं वजनकाटा जवळ आला की त्याचं गुणगुणणं बंद व्हायचं, हे माझ्या ध्यानात आलं होतं. तरी मी सीटबदली चालूच ठेवली. गेल्या थंडीत, अंड्यांना गिऱ्हाईक जोरात असताना, त्यानं सरळ सांगून टाकलं, पाडव्यापासून गाडीवर दुसरा ड्रायव्हर बघ, मी शेडमधलं काम करीन. कोंबड्यांच्या वासानं ज्याला शिंका येतात तो माणूस शेडमधलं काम करणार होता. मी चिडलो, समजावलं, शिव्या पण दिल्या. त्याचं म्हणणं एकच, माझं मन उडालंय. तो गाडीवरून उतरला तर आमची भागीदारी नावालाच उरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांतली गोष्ट. वजनकाट्यापाशी आम्ही नेहमीसारखी सीट बदलली आणि निघालो. मागून एक स्कूटर येत होती, चालवणाऱ्या बाईनं जर्किन घातलेलं, डोक्याला हेल्मेट. ती आम्हाला ओलांडून पुढं गेली. फाट्यावर पोचलो तर तीच बाई जर्किन काढून उभी, आत खाकी वर्दी, खांद्यावर दोन चांदण्या. नवीन बदलून आलेल्या फौजदार मॅडम. त्यांनी सगळी सीटबदली मागून डोळ्यांनी पाहिलेली. हवालदार सवयीनं मला जा म्हणून खुणावत होता, मॅडमनी त्याला थांबवलं आणि आमची गाडी कडेला घ्यायला लावली.

चेकिंगच्या आधी ड्रायव्हर बदलतो म्हणजे आधीच्या ड्रायव्हरकडे लायसन नसणार किंवा तो प्यालेला असणार, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या जागी मी असतो तरी हेच समजलो असतो. म्हणजे ज्या युक्तीवर मी एवढा खूष होतो, तिनंच भागीदाराला चोर ठरवलं होतं. मी आपलं पाठदुखीचं काहीतरी सांगायला लागलो. मॅडमनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही, भागीदाराकडे लायसन मागितलं.

भागीदारानं सीटखालून चेनची प्लास्टिकची पिशवी काढली. लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, एकामागं एक लावलेलं. ज्याला रोज विचारतात त्याची कागदं अशीच असतात. मॅडमनी एकेक पाहून परत दिलं, त्याचं तोंड हुंगून पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळल्या. आता तुमचं दाखवा.

माझं लायसन त्या फाट्यावर त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मागितलं. पाकिटात देवीच्या फोटोमागं ते सापडलं. मॅडमनी ते हातात धरून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाल्या, "काका, हे दिवाळीच्या आधीच संपलंय."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. आमच्या दोघांचं वय एक, लायसनही एकाच सुमाराला संपणार होतं. त्यानं वेळेत जाऊन रिन्यू करून आणलं होतं, मलाही चल म्हणाला होता. मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, मला कोण विचारतंय.

मॅडमना आता काहीच कळेना. लायसन असलेला माणूस उतरतो आणि नसलेला चालवायला बसतो, हे कुठलं शहाणपण? त्यांनी पुन्हा विचारलं, सीट का बदलली. मी हवालदाराकडे पाहत होतो आणि माझं डोकं तापायला लागलं होतं. भागीदारानं माझ्या दंडावर हात ठेवला आणि तोच बोलला.

"मॅडम, मी चालवत आलो की सगळं ट्रे खाली उतरवावं लागत्यात. ह्यो चालवत आला की न्हाई लागत. म्हणून बदलतो."

आवाज चढवला नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. हवालदार बॅरिकेडची दोरी उगाच सोडायला आणि बांधायला लागला. मॅडमनी त्याच्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी खोटं कलम लावून दिवसभर बसवतील. त्यांनी मशीन काढलं आणि माझं चलन फाडलं, रीतसर, एक अक्षर जास्त न बोलता. मग मला सांगितलं, तुम्ही गाडीला हात लावायचा नाही, गाडी हेच नेतील. आणि भागीदाराला म्हणाल्या, "उद्या येतानाही तुम्हीच चालवत या. वजनकाट्यापाशी थांबायचं काही कारण नाही."

माफी वगैरे कुणी मागितली नाही. भागीदार ड्रायव्हर सीटवर बसला, आरसा नीट केला आणि सगळ्यांच्या देखत फाटा ओलांडून गेला. मी शेजारी चलनाचा मेसेज वाचत बसलो होतो. दंड मला झाला होता आणि हसू मलाच आवरत नव्हतं.

तो मात्र हसला नाही. रात्री ओट्यावर बसलो तेव्हा म्हणाला, मॅडम आज हायेत, उद्या बदलून जातील. मी म्हणालो, आजचं तर झालं ना नीट. त्यावर तो जे बोलला ते मला अजून लागून आहे. "भागीदार, पोलिसांचं मला एवढं वाटलं न्हाई कधी. तू गाडी थांबवून मला उतर म्हणायचास, त्याचं लई वाटायचं."

एवढी वर्षं मी त्याला वाचवतोय म्हणून मिरवत होतो. मी उठून त्याच्या घरात गेलो, वहिनींकडून दोन कप चहा मागून आणला, एक त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो घेतला.

पुढच्या दिवसांत फाट्यावरची रीत बदलली. मॅडमनी ओळ लावली. ठरलेल्या वेळात जी गाडी येईल ती ओळीत घ्यायची, चेहरा बघून निवडायची नाही. झेंडा लावलेली एक पांढरी गाडी आमच्या पुढंच अडकली. आतल्या माणसानं फोन लावला, फोन मॅडमच्या हातात दिला, त्यांनी बोलून परत दिला आणि मग पीयूसी मागितलं. सगळी ओळ माना बाहेर काढून बघत होती. आमचा नंबर आला तेव्हा जुना हवालदार खिडकीशी आला, कागद पाहिले, ताडपत्रीचं टोक उचलून वरचे ट्रे बघितले आणि सोडलं. चहाची टपरी मागं पडल्यावर भागीदाराचं गुणगुणणं ऐकू आलं.

पाडवा जवळ येत चालला होता आणि ड्रायव्हरचा विषय मी मुद्दाम काढत नव्हतो. एक दिवस तालुक्याला आरटीओचा कॅम्प लागला. लायसनसाठी मला जाणं भाग होतं. आदल्या दिवशी मी म्हणालो, उद्या गाडी बंद ठेवू. त्यानं मान हलवली. सकाळी उठून पाहतो तर शेडच्या दारात गाडी नाही.

कॅम्पाच्या रांगेत मी उभा होतो, पण जीव फाट्यावर होता. एकटा गेला, माझ्याशिवाय, सीटबदली सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. मॅडम आज ड्यूटीवर नसल्या तर? माझा नंबर आला, डोळे तपासणाऱ्यानं अक्षरं वाचायला सांगितली, मी भलतीच वाचली. तेवढ्यात फोन वाजला. तो नगरला पोचला होता, माल उतरवून झाला होता. मी विचारलं, अडवलं का? म्हणाला, अडवलं की. पुढच्यालाही, मागच्यालाही. मॅडम नव्हत्या, हवालदार होता. कागद बघितले आणि विचारलं, तुझा तो भांडखोर भागीदार आज कुठं राहिला? ह्यानं सांगितलं, लायसन काढायला गेलाय. तर हवालदार हसला म्हणे, आणि हाही हसला.

मला राहवलं नाही. मी विचारून टाकलं, पाडवा आठवड्यावर आलाय, ड्रायव्हर बघायचा का? पलीकडं ट्रे एकमेकांवर ठेवल्याचा आवाज येत राहिला.

"कशाला?" तो म्हणाला. "गाडी मला चालवता येती की."